गळ्यात पोत असलेली चिमणी

अभयकुमार शेठजींनी शटरचं कुलूप काढलं, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि मनात नवकार मंत्र म्हणत ती वर ओढली. शटर गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर गेलं असेल, तोच वरच्या पत्र्याच्या डब्यातून मूठभर गवत त्यांच्या डोक्यावर पडलं. पाठोपाठ एक चिमणी त्यांच्या कानाला पंख घासून बाहेर पडली आणि समोरच्या विजेच्या तारेवर बसून तावातावानं बोलू लागली. नऊ दिवस बंद असलेल्या दुकानाचा हा असा मुहूर्त झाला.

भाचीच्या लग्नासाठी सगळं घर राजस्थानात गेलं होतं आणि कालच अमळनेरला परतलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सात दिवसांवर आली होती. आखाजीला खान्देशात सासरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, आणि माहेरी आलेल्या लेकीला नवी साडी नेसवल्याशिवाय परत पाठवणारा बाप इकडे अजून जन्माला यायचा आहे. 'अभय साडी सेंटर'चं निम्मं वर्ष या आठ दिवसांत पार पडत असे. म्हणून शेठजींनी गवत झटकलं आणि पुन्हा दांडीला हात घातला.

"हात काढा," मागून आवाज आला.

प्रेमकुंवरबाई लग्नातली मिठाई शेजाऱ्यांना वाटायला म्हणून मागोमाग आल्या होत्या. डबा हातात तसाच धरून त्या वर बघत होत्या.

"शटर वर गेलं की पट्ट्या गुंडाळल्या जातात. आत घरटं आहे. अंडी चिरडतील."

"अंडी आहेत कशावरून?"

"मग चिमणी घरटं काय हौसेनं बांधते?"

"बरं, खाली घेतो."

"खाली घेतलं तरी आतला रूळ फिरणारच ना. वर नाही, खाली नाही. आहे तिथंच राहू द्या."

एरवी शेठजींनी वाद घातला असता. बायकोशी वाद घालण्यात त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव होता, जिंकण्याचा नसला तरी. पण या बाबतीत त्यांची जीभ त्यांनीच बांधून ठेवली होती. मार्च महिन्यात चिमणी दिनाला त्यांनी पक्ष्यांना पाणी ठेवायची दोनशे मातीची भांडी वाटली होती आणि समाजाच्या हॉलमध्ये भाषण ठोकलं होतं. मागच्या बॅनरवर इंटरनेटवरून घेतलेला जो पक्षी छापला होता, तो लाल छातीचा, गुबगुबीत आणि कुठल्या तरी थंड मुलखातला होता. पण ते एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण चिमणी कशी दिसते हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणी तिच्याकडे बघत नाही. त्या भाषणाच्या भरात शेठजी म्हणाले होते, "चिमणीनं उद्या माझ्या तिजोरीत अंडी घातली, तर मी तिजोरी उघडणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. ती चित्रफीत साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरली होती.

"ती तिजोरीपर्यंत गेली नाही, शटरलाच थांबली," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "नशीब समजा."

अशा रीतीनं शटर जमिनीपासून अडीच फुटांवर थांबलं. आतून सरकतं जाळीचं गेट होतं, त्यामुळे चोरीची भीती नव्हती. प्रश्न फक्त माणसांनी आत जायचं कसं, एवढाच होता. पहिला मान चाळीस वर्षांपासून दुकानात असलेल्या झुलालला मिळाला. त्याचे दोन्ही गुडघे गेलेले होते. तो आधी बसला, मग आडवा झाला, मग कुशीवर वळला आणि गव्हाचं पोतं ढकलावं तसं त्याला शेठजींच्या मुलानं, रोनकनं, आत ढकललं.

रोनक बत्तीस वर्षांचा होता. दहा वर्षं गल्ल्यावर बसत होता आणि त्या दहा वर्षांत साडीचा रंग आणि किंमत सोडून फारसं काही बोलला नव्हता. तो निमूटपणे शेजारून शिडी घेऊन आला, पण तोवर झुलालनं आतून डोकं बाहेर काढलं होतं.

"दादा, हात लावू नका. माणूसना हात लागना का बाकीन्या चिड्या तिले जातमा घेतस नही."

"मी हात नाही लावत. नुसतं बघतो."

"बघायला गेलास की हात लागतोच," प्रेमकुंवरबाईंनी निकाल दिला, आणि शिडी परत गेली. रोनकनं मग मोबाइलमध्ये बघितलं. "अंडी उबायला बारा ते चौदा दिवस. पिल्लं उडायला आणखी पंधरा," तो म्हणाला. शेठजींनी बोटं मोजली, आखाजीच्या पुढचे तीन आठवडे मोजले आणि ओट्यावरच बसले.

पण खरी गंमत तासाभरानं सुरू झाली. व्यापारी पेठेत अर्ध्यावर ओढलेल्या शटरचा एकच अर्थ होतो: घरात कुणीतरी गेलं. त्यात दुकान नऊ दिवस बंद होतं. शेठजी आत बसून लग्नसराईच्या साड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत होते, तेव्हा बाहेर निंबा आबा येऊन बसले. आबा जवळच्या गावचे शेतकरी. तीन पिढ्यांची गिऱ्हाइकी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ओटा झाडणाऱ्या झुलालकडे बघून लांब सुस्कारा सोडला.

"शेठ भला माणूस व्हता."

झुलालला वाटलं, आबा लग्नातल्या कुणाबद्दल बोलतायत. तो म्हणाला, "व्हय, आबा."

"कापड मोजाना टाइमले हात जरासा आखडे," आबा पुढे म्हणाले, "पन भला व्हता."

आत शेठजींच्या हातातली चिठ्ठी थांबली. स्वतःच्या मागे लोक काय बोलतात हे ऐकायची संधी फार थोड्यांना मिळते, आणि मिळाली की ती सहन होत नाही. ते तडक गुडघ्यांवर आले आणि शटरखालून आबांच्या पायाशी उगवले.

"आबा, कुणाचा हात आखडतो?"

निंबा आबा ओट्यावरून थेट रस्त्यावर उतरले. एक वहाण मागेच राहिली. पुढचा अर्धा दिवस शेठजींना दुकानाबाहेर खुर्ची टाकून आपण जिवंत असल्याचं दाखवत बसावं लागलं. येणारा प्रत्येक जण पडेल चेहऱ्यानं यायचा, शेठजींना बघून दचकायचा आणि मग दुःख वाया गेल्यासारखा परत जायचा. शेवटी रोनकनं पुठ्ठ्यावर लिहून टांगलं: 'घरात सर्व कुशल. वर चिमणीची अंडी आहेत. कृपया वाकून यावे.'

दुसऱ्या दिवशी भागाबाई आल्या. नवलनगरकडच्या, पाच लेकींच्या आई, म्हणजे आखाजीला पाच साड्यांचं गिऱ्हाईक. त्यांनी पाटी शेजारच्या पोराकडून वाचून घेतली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"शेठ, मी सासूले वाकनू नही. आते चिडीले वाकू का?"

"अक्का, तुम्ही वाकू नका. झुलाल साड्या बाहेर आणेल."

झुलाल आडवा होऊन साड्या बाहेर आणू लागला. भागाबाई ओट्यावर बसून वर बघत होत्या. तेवढ्यात पक्षी पुन्हा आला, चोचीत काडी घेऊन डब्याच्या कडेला बसला. भागाबाईंनी डोळे बारीक केले.

"ही तं सवाशीन शे."

"कशावरून?" शेठजींनी विचारलं.

"गयामा पोत दखा नं."

शेठजींनी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या चिमणीकडे लक्ष देऊन बघत होते. खरंच की, तिच्या गळ्याखाली, पार छातीपर्यंत, काळाभोर पट्टा होता. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीसारखा अगदी ठसठशीत. डोक्यावर राखाडी टोपी, पाठीवर तांबूस नक्षी, एकूण नटलेली बाई. "लग्न झालंय, घर केलंय, म्हणजे अंडी असणारच," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. झुलालनंही मान डोलावली. त्याच्या मते पोत इतकी रुंद होती की माणसं खात्यापित्या घरची असावीत.

भागाबाईंनी पाच साड्या घेतल्या आणि जाताना पिशवीतली हळदकुंकवाची पुडी काढून शटरच्या पट्टीला दोन बोटं लावली. सवाशिणीला रिकामं सोडायचं नाही, एवढीच त्यांची समजूत. पण तिसऱ्या दिवशी ते कुंकू बघून आणखी चौघींनी लावलं, एकीनं तांदूळ ठेवले, एकीनं नारळ फोडला. चौथ्या दिवशी शटरला झेंडूची माळ होती आणि नात होत नाही म्हणून एक आजी ओट्यावर हात जोडून बसली होती. तरण्या पोरी मोबाइल काढत, खिदळत शटरखालून आत शिरत, फोटो काढत आणि तशाच बाहेर पडत. पैसे ज्यांच्या कमरेला होते त्या त्यांच्या आया आणि आज्या मात्र बाहेर उन्हात उभ्या राहत, पदरानं वारा घेत आणि मग रस्ता ओलांडून समोर जात.

समोर दीपकचं दुकान होतं. दीपक पस्तिशीचा, हुशार, आणि शेठजींना 'काका काका' करत त्यांचंच गिऱ्हाईक ओढणारा. त्यानं आपल्या दुकानावर दहा फुटी फलक लावला: 'आमच्याकडे सरळ उभे राहून या'. शेठजी दिवसातून वीस वेळा तो फलक वाचत, आणि दर वेळी त्यांच्या छातीत काहीतरी रुतत असे.

आत बसलेल्यांना आता गिऱ्हाईक पायांवरून ओळखता येऊ लागलं होतं. अडीच फुटांच्या फटीतून तेवढंच दिसायचं. जोडवी आणि भेगा असल्या तर शेतावरची, दमदार गिऱ्हाईक. उंच टाचा असल्या तर फोटो काढणारी. सातव्या दिवशी, आखाजीच्या आदल्या सकाळी, शटरसमोर चकचकीत तपकिरी बूट येऊन उभे राहिले. शेजारी साध्या निळ्या चपला होत्या.

"शेठ, साहेब लोक दिसतस," झुलाल कुजबुजला.

शेठजींना घाम फुटला. साहेब म्हणजे कोण, या विचारानं नव्हे. त्यांना त्याहून वाईट शंका आली होती. धुळ्याच्या पारसमलजींनी परवाच मध्यस्थाकडे चौकशी केली होती. त्यांची मुलगी, पलक, रोनकसाठी सांगून आली होती. आणि या मंडळींची एक जुनी रीत होती: मुलगा घरी बघायचा नाही, गल्ल्यावर बघायचा. घरी सगळेच चांगले दिसतात. न सांगता गिऱ्हाईक होऊन यायचं, उधळमाधळ आहे का, आवाज चढतो का, दुकान कसं चालतं, ते बघून निमूट परत जायचं.

रोनकला आजवर अकरा मुलींकडून नकार आला होता. दोघींना पुण्याचा हवा होता, तिघींना नोकरीवाला, आणि बाकीच्यांनी तो काही बोलतच नाही म्हणून नाही म्हटलं होतं. शेठजींनी त्याच्यासाठी घरावर अख्खा वरचा मजला चढवला होता. मकराण्याचा मार्बल, दोन खोल्या, झोपाळा. तीन वर्षं झाली, पलंगावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. रोज सकाळी प्रेमकुंवरबाई तिथली धूळ झटकून यायच्या आणि मग चहा ठेवायच्या. हे स्थळ हातचं गेलं तर पुढचं येईल असं आता दोघांनाही वाटत नव्हतं. आणि नेमक्या याच दिवशी दुकान अर्ध्यावर, शटरला माळ, बाहेर नारळाची शेंडी.

"अरे राम," बाहेरून आवाज आला, "काल तर मध्यस्थ काही बोलले नाहीत. केव्हा झालं असेल? पलक, चल, अशा वेळी आत जाऊ नये."

"पप्पा, पाटी वाचा ना," दुसरा आवाज म्हणाला, आणि निळ्या चपला वाकल्या. पाठोपाठ चष्म्यातली एक मुलगी सहज आत आली, ओढणी झटकून उभी राहिली आणि तिनं आधी वरच बघितलं. डब्यातून अखंड चिव, चिव, चिव चाललं होतं.

"किती दिवस झाले हा असा ओरडतोय?" तिनं विचारलं.

"आज सातवा," गल्ल्यावरून रोनक म्हणाला.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत?"

"मध्ये जेवायला जाते थोडी," प्रेमकुंवरबाईंनी पुढे होऊन सांगितलं. त्या आज साड्यांच्या घड्या घालायला आल्या होत्या आणि एव्हाना त्यांनाही चपला कुणाच्या ते समजलं होतं. "बिचारी अंडी सोडून फार लांब जात नाही."

पलकनं फटीपाशी खाली बसून बाहेर बघितलं. पक्षी तारेवर आला होता. तिनं नीट बघितलं, मग वळून विचारलं, "इथं दोन पक्षी एकत्र कुणी पाहिले का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"एकच शे," झुलाल म्हणाला. "पोतवाली."

"पोतवाली?"

प्रेमकुंवरबाईंनी पोतीचं सगळं समजावून सांगितलं. सवाशीण, हळदकुंकू, नात न होणारी आजी. पलक ऐकत होती. तिचे ओठ दोनदा हलले, पण ती हसली नाही. तेवढ्यात तिचे वडीलही बूट हातात घेऊन, धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखं करत, शटरखालून आत आले.

"काकू, मी धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून सांगते," पलक म्हणाली. "ती पोत नाही. हा चिमणा आहे. चिमणीचा गळा कोरा असतो. अंगावर नुसता मातकट रंग आणि डोळ्यामागे एक फिकट रेघ, बाकी काही नटणं नाही. गळ्याखाली काळं असतं ते नराच्या."

"पण मग अंडी?" शेठजींनी विचारलं.

"चिमणा अंडी घालत नाही, काका."

वर चिव, चिव चालू होतं.

"अहो पण घरटं आहे ना," शेठजी म्हणाले. सात दिवसांचं सरपटणं त्यांना इतक्या सहज सोडवत नव्हतं. "गवत माझ्या डोक्यावर पडलंय."

"घरटं आहेच. जागा आधी तोच धरतो, काड्या तोच आणतो. आणि मग दारात बसून असा दिवसभर ओरडतो. जोडी जमली असती, आत अंडी असती, तर इतका ओरडला नसता. पिल्लं असती तर दोघंही चोचीत अळ्या घेऊन सारखे ये-जा करताना दिसले असते."

"मग हा ओरडतो काय?" प्रेमकुंवरबाईंनी विचारलं.

"घर तयार आहे, असं सांगतो."

प्रेमकुंवरबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. झुलालनं गल्ल्याकडे बघितलं, मग शेठजींनी बघितलं, आणि मग पारसमलजींनीही, काही माहीत नसताना, सगळे बघतायत म्हणून बघितलं. गल्ल्यावर रोनक होता. त्याचे कान लाल झाले होते आणि तो कधीपासून मोजलेलेच हँगर पुन्हा मोजत होता.

"आणि किती दिवस सांगत बसतो?" प्रेमकुंवरबाईंनी विचारलं.

"कुणी येईपर्यंत, काकू."

शेठजींना काय वाटलं ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. सात दिवसांचं गिऱ्हाईक, निंबा आबांचे शब्द, समोरचा फलक, सोललेली ढोपरं, सगळं एकदम वर आलं. "म्हणजे मी सात दिवस एका ब्रह्मचाऱ्यापायी सरपटतोय," ते म्हणाले, पाहुण्यांचं भान विसरून तसेच रांगत बाहेर पडले, उभे राहिले आणि त्यांनी शटरची दांडी धरली.

"पप्पा, राहू द्या."

रोनक त्यांच्या मागोमाग बाहेर आला होता.

"अरे, अंडी नाहीत. पाप लागणार नाही."

"अंडी असती तर कुणीही थांबलं असतं," रोनक म्हणाला. तो हळू बोलत होता, पण थांबत नव्हता. "त्याच्याकडे नुसतं घर आहे. तेही मोडलं, तर तो दारात बसून काय सांगणार? उद्या आखाजी. एक दिवसानं आपलं काय जाणार आहे? जे जायचं ते गेलंच."

शेठजींनी मुलाकडे बघितलं. गेल्या दहा वर्षांत त्यानं एका दमात इतकं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी दांडी सोडली. शटरच्या फटीत, आतल्या बाजूला, निळ्या चपला उभ्या होत्या आणि त्या बराच वेळ हलल्या नाहीत.

पारसमलजींनी चहा घेतला नाही. साडीही घेतली नाही. बूट घातले, हात जोडले आणि मुलीला घेऊन गेले. "बारावा," शेठजी म्हणाले. प्रेमकुंवरबाईंनी मघाशी खाली ठेवलेली साडी उचलून पुन्हा घडी घातली.

आखाजीच्या दिवशी गावभर झोके चढले होते, घराघरांतून पुरणपोळी आणि आमरसाचा वास येत होता आणि पेठ दुपारीच ओस पडली होती. शेठजी आमरस न घेताच उठून दुकानाच्या ओट्यावर येऊन बसले होते. तीन वाजता फोन वाजला. धुळ्याचा होता.

"मुलीला मुलगा पसंत आहे," पारसमलजी म्हणाले.

शेठजी उभे राहिले.

"म्हणते, एवढ्याशा चिमण्यासाठी बापापुढे उभा राहणारा मुलगा पाहिला नव्हता. फक्त एक आहे, शेठजी. घर तिला पसंत नाही. म्हणजे घर चांगलंच असेल. पण ते अमळनेरला आहे. तिची कॉलेजातली नोकरी कायमची झालीय, ती ती सोडणार नाही. मुलानं धुळ्याला दुकान टाकावं. गाळा मी बघून ठेवतो."

शेठजी खाली बसले. "कळवतो," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली त्याहून वाईट असं काहीतरी होतं. वरचा मजला, झोपाळा, बायकोनं रोज झटकलेली धूळ. मुलगा बापाला सोडून सासऱ्याच्या गावी दुकान टाकणार. समाजात काय सांगायचं?

वर चिव, चिव चालू होतं. "ओरड," शेठजी त्याला म्हणाले, "तुझं बरं आहे."

तेवढ्यात तारेवर दुसरा पक्षी येऊन बसला. शेठजींनी डोळे बारीक केले. मातकट रंग. डोळ्यामागे फिकट रेघ. गळा कोरा. चिमणा पंख फुलवून, शेपूट ताठ करून डब्याच्या कडेवर अक्षरशः नाचू लागला. चिमणी उडून आली, आत शिरली. शेठजी मोजत राहिले. पंधरा, सोळा, सतरा. चिमणी बाहेर आली, पिसं झटकली, रस्ता ओलांडला आणि दीपकच्या फलकामागच्या कपारीत शिरली. ती तिथून बाहेर आलीच नाही.

चिमणा ओरडला. खूप ओरडला. आपल्या दारातून तिच्या दाराकडे तोंड करून, सगळं सगळं सांगितलं असेल त्यानं. मग गप्प झाला. मग डब्यात शिरला, एक काडी उचलून बाहेर आला आणि ती घेऊन रस्त्यापलीकडे गेला. परत आला. दुसरी काडी. मग तिसरी. तेच गवत, जे त्यानं नऊ दिवस राबून जमवलं होतं.

दीपक स्टूल घेऊन बाहेर आला आणि फलकाची दोरी सोडायला वर चढला.

"हात लावू नकोस," शेठजी रस्त्यापलीकडून म्हणाले.

"काका, आखाजी झाली. आता बोर्ड ठेवून काय करू?"

"मागे जोडपं आहे. या वेळी खरं. बारा दिवस अंडी, पंधरा दिवस पिल्लं. महिनाभर बोर्ड तसाच राहील."

दीपकनं वाकून मागे बघितलं आणि गुपचूप खाली उतरला. पेठेत आता चिमण्यांच्या बाबतीत शेठजींच्या शब्दाला वजन होतं.

प्रेमकुंवरबाई झाकल्या वाटीतून आमरस घेऊन आल्या तेव्हा ऊन कललं होतं. त्यांनी फोनचं ऐकलं, नवऱ्याच्या शेजारी ओट्यावर बसल्या आणि दोघंही त्या काड्यांची वाहतूक बघत राहिले.

"काही म्हणाला का?" प्रेमकुंवरबाईंनी विचारलं.

"रोनक? त्याला अजून सांगितलं नाही."

"चिमणा. एवढं बांधलेलं सोडायचं म्हणून."

"थोडा वेळ ओरडला," शेठजी म्हणाले. "मग उचलली काडी."

प्रेमकुंवरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि वाटी त्यांच्या हातात दिली. शेठजींनी आमरस संपवला, मिशी पुसली आणि धुळ्याला फोन लावला.

"पारसमलजी, रोनक येईल. गाळा बघा. जरा उंच दाराचा बघा."

"वा. मोठं मन आहे तुमचं. पण शेठजी, एवढा वरचा मजला बांधलात, त्याचं काय?"

"मार्बल काही चोचीत मावत नाही," शेठजी म्हणाले. "तो राहील इथंच. सुटीत या म्हणावं दोघांना, प्लॅस्टिक काढून ठेवतो."

फोन खिशात टाकून ते उठले. वरचा डबा आता रिकामा होता. चिमणा शेवटची काडी घेऊन कधीच गेला होता. शेठजींनी दांडी धरली आणि शटर वर ढकललं. सगळी पेठ दणाणून सोडत ते पार वरपर्यंत गेलं आणि एवढं मोठं दार समोर उघडं झालं की दोघांनाही जरा चुकल्यासारखं वाटलं. मग प्रेमकुंवरबाई पुढे झाल्या, शेठजी त्यांच्या मागे, आणि दहा फूट उंचीच्या त्या दारातून नवरा-बायको दोघंही वाकून आत गेली.